बाटलीतलं एक लिटर

पेट्रोल पुरत नाही म्हणून गाडी गॅरेजात आली, की आमचे उस्ताद बॉनेटला हात लावायचे नाहीत. आधी मालकाला विचारायचे, "किती टाकलं आणि किती फिरली?" मालक बहुतेक वेळा रुपयांत सांगायचा. मागच्या वर्षी आठवड्याला एवढ्याचं लागायचं, आता त्याहून जास्तीचं लागतं. उस्ताद म्हणायचे, "रुपये राहू द्या, लिटर सांगा." भाव वाढलेला असायचा पंपावर आणि मालक त्याचा राग काढायचा इंजिनावर. निम्म्या तक्रारींचा निकाल या एका प्रश्नात लागत असे.

पुण्यात नाना पेठेच्या त्या गॅरेजात मी सत्तरच्या दशकात पोऱ्या म्हणून लागलो. पुढे आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या मुलांना शिकवण्यात नोकरी सरली. मोटारीच्या कारखान्यांचा इतिहास लिहिला गेला आहे, कारखानदारांची चरित्रं आहेत. गाडी जास्त पेट्रोल का खाते हे शोधणाऱ्या माणसांचा इतिहास मात्र माझ्या वाचनात आला नाही. त्यांनी शोधायची एक रीत बसवली होती. ती रीत कुठल्या पुस्तकातून आली नव्हती, टंचाईतून आली होती. ती लिहून ठेवावी म्हणून हा लेख.

टंचाईची सुरुवात माझ्या जन्माआधीची. दुसऱ्या महायुद्धात, 1941 साली, हिंदुस्थानात पेट्रोलवर रेशन आलं. सैन्याला लागणारं पेट्रोल सोडून उरेल ते कुपनांवर. तेव्हा सर्व्हिस मोटारींच्या मागे लोखंडी भट्ट्या बसल्या. भट्टीत लोणारी कोळसा पेटवायचा, हाताने पंखा फिरवून निखारा फुलवायचा, हवा कमी पडू दिली की कोळशातून जळणारा वायू निघतो. तो थंड करून, गाळून इंजिनात सोडायचा. त्यावर इंजिन चालायचं, पण ताकद तिसऱ्या हिश्शाने किंवा त्याहूनही जास्त घटायची. चढ आला की उतारूंनी उतरून चालायचं, वेळ पडली तर ढकलायचं. आमच्या उस्तादांचे उस्ताद या भट्टीच्या गाड्यांवर शिकलेले. किती कोळशात किती मैल, हे त्यांना रोज मोजावं लागे, कारण वाटेत कोळसा संपला तर गाडी माळावर उभी. भट्टीच्या झाकणातून, नळीच्या सांध्यातून फालतू हवा आत शिरली तर वायू बिघडायचा, म्हणून प्रत्येक सांधा हाताने चाचपायची त्यांना सवय. पेट्रोल परत मिळू लागलं, भट्ट्या भंगारात गेल्या, सवय उरली. उस्ताद कार्बोरेटरच्या बुडाशी, मॅनिफोल्डच्या पॅकिंगपाशी बोटं फिरवून आधी हवा कुठे ओढली जाते ते बघायचे. ही सवय त्यांना कोळशाने लावली होती.

स्वातंत्र्यानंतर गाड्या बदलल्या. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली होती. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडल्या जात. मग इटलीच्या फियाटशी करार झाला आणि 1100 आली. गोलसर पाठीच्या पहिल्या फियाटला लोक डुक्कर फियाट म्हणत. पुढे 1964 साली डिलाइट आली, सत्तरच्या दशकात तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं. शरीर थोडंफार बदललं, इंजिन तेच राहिलं, 1089 सीसीचं, चार सिलिंडरचं. कारखाना बंद होईपर्यंत म्हणजे शतक संपेपर्यंत ते तसंच होतं. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. पस्तीस-चाळीस वर्षं एकच इंजिन हातात राहिल्यामुळे मेकॅनिकांच्या दोन पिढ्यांना ते आतून-बाहेरून पाठ झालं. आज दर चार वर्षांनी मॉडेल बदलतं. तेवढी ओळख कुणाची कशाशी होणार?

मग 1973 साल उजाडलं. ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि कच्च्या तेलाचा भाव पिंपाला तीन डॉलरच्या आसपास होता, तो तीन-चार महिन्यांत बाराच्या घरात गेला. आपल्याकडे सरकारने पेट्रोल महाग केलं. त्याचा निषेध म्हणून नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले. मुंबईच्या समुद्रात 1974 च्या फेब्रुवारीत तेलविहीर खणणाऱ्या 'सागर सम्राट'ला बॉम्बे हायचं तेल लागलं, 1976 साली ते निघू लागलं, पण त्याने पंपावरचा भाव खाली आला नाही. गॅरेजपुरतं सांगायचं तर 1973 पासून तक्रारच बदलली. आधी गाड्या यायच्या त्या आवाजासाठी, धुरासाठी, पिकअप नाही म्हणून. आता येणारा प्रत्येक माणूस ॲव्हरेजचं बोलू लागला. डॉक्टर, वकील, टॅक्सीवाले, सगळे. मैल आणि गॅलनचा हिशेब जुन्या लोकांच्या डोक्यात अजून होता. गॅलनला तीस मैल म्हणजे लिटरला साडेदहा किलोमीटर, हे मी त्या काळात तोंडपाठ केलं.

आणि मोजायला लागली बाटली. ही पद्धत आता कुणाला माहीत असेल की नाही, म्हणून नीट सांगतो. काचेची जाड बाटली, तिच्यावर एक लिटरची खूण. बाटलीच्या बुडाशी नळी काढून घेतलेली. इंजिनावरच्या पेट्रोल पंपाकडून कार्बोरेटरला येणारी नळी सोडवायची, तिचं तोंड बंद करायचं आणि बॉनेटखाली उंचावर बांधलेल्या बाटलीची नळी कार्बोरेटरला जोडायची. पेट्रोल आपल्या वजनाने उतरायचं. पण त्याआधी इंजिन चालू ठेवून कार्बोरेटरच्या वाटीतलं जुनं पेट्रोल संपू द्यायचं, नाहीतर ते फुकटचं मोजलं जातं. मग बरोबर एक लिटर भरायचं, मीटरचा आकडा वहीत लिहायचा आणि सोलापूर रस्त्याला लागायचं. हडपसरच्या पुढे रस्ता सपाट होता. जितकं जायचं तितकंच त्याच रस्त्याने परतायचं, म्हणजे वाऱ्याचा आणि चढ-उताराचा हिशेब फिटतो. गाडी बंद पडेल तिथे आकडा बघायचा, डब्यातलं पेट्रोल घालून घरी यायचं. गाडीच्या मीटरवरसुद्धा उस्तादांचा विश्वास नसे. टायर वेगळ्या मापाचे असले किंवा मीटरचं गिअर घासलेलं असलं तर मीटर खोटं बोलतं. म्हणून ते रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजत.

बाटली धोक्याची होती, बॉनेटखाली उघडं पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रणच. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत हा प्रयोग कुणी करू नये. तिथे पंप टाकीत असतो आणि पेट्रोल मोठ्या दाबाने येतं. आता टाकी पूर्ण भरून, फिरवून, पुन्हा पूर्ण भरून हिशेब काढावा. मात्र बाटलीने जे शिकवलं ते टाकीने तितकं शिकवलं नाही. मालक शेजारच्या सीटवर बसलेला असायचा. आपण कसे चालवतो आणि उस्ताद कसे चालवतात, यातला फरक एका लिटरमध्ये त्याच्या डोळ्यांसमोर यायचा. पुष्कळदा दोष गाडीत नव्हताच, तो पायात होता, हे तिथे न भांडता सिद्ध होई.

दोष गाडीत आहे हे ठरलं, की शोध सुरू व्हायचा आणि तो बाहेरून आत जायचा. हा क्रम मी आयटीआयमध्ये फळ्यावर लिहीत आलो.

पहिला मान चाकाचा. टायरची हवा बघायची. मग गाडी जॅकवर घेऊन प्रत्येक चाक हाताने फिरवायचं. पद्मिनीला चारी चाकांना ड्रमचे ब्रेक. कुणीतरी स्वस्तातलं ब्रेक ऑइल घातलं की सिलिंडरमधली रबरं फुगतात, पिस्टन मागे येत नाही आणि लायनर ड्रमला घासत राहतो. गाडी चालते, ब्रेक लागतात, कुणाला काही कळत नाही, फक्त इंजिन दिवसभर ब्रेकशी झगडत असतं. उस्ताद गाडी फिरवून आणली की खाली उतरून प्रत्येक चाकाच्या मधोमध हात धरायचे. एखादं चाक चटका देणारं निघालं की हसायचे. हँडब्रेकची केबल गंजून अडकली की मागची दोन्ही चाकं गरम. त्या काळी ॲव्हरेज कमी झालेल्या गाड्यांत ब्रेक धरून राहिलेल्या गाड्या किती असत, हे आज सांगितलं तर पटत नाही. कार्बोरेटर खोलून बसलेल्या गॅरेजातून थकून आलेली गाडी आमच्याकडे एका रबरी वॉशरवर बरी झालेली मी पाहिली आहे.

दुसरा क्लच. क्लच घसरत असेल तर इंजिन फिरतं, चाक तेवढं फिरत नाही. चढावर तिसऱ्या गिअरला ॲक्सिलरेटर दाबला आणि आवाज वाढला पण वेग वाढला नाही, की समजायचं.

तिसरी गोष्ट थर्मोस्टॅटची आणि इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण यात आपल्या सगळ्या धंद्याची एक चूक दडली आहे. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेतली झडप. इंजिन गार असेल तोवर ती रेडिएटरकडे पाणी जाऊ देत नाही, म्हणजे इंजिन लवकर तापतं आणि मग त्याच तापमानाला राहतं. आपल्याकडे उन्हाळ्यात गाड्या घाटात उकळायच्या. कारण असायचं गाळाने भरलेलं रेडिएटर. ते साफ करणं कष्टाचं, थर्मोस्टॅट काढून फेकणं सोपं. देशभरच्या गॅरेजांनी तो काढून फेकला. 'आपल्या हवेत याची गरजच नाही' हे वाक्य मी शेकडो तोंडांतून ऐकलं. परिणाम असा झाला, की पुण्याच्या थंडीत सकाळी दवाखान्यापर्यंत जाणारी गाडी कधी तापतच नसे. गार मॅनिफोल्डमध्ये पेट्रोलची वाफ होत नाही, थेंब भिंतीला चिकटतात, चोक ओढूनच गाडी चालवावी लागते. पेट्रोल जास्त जातं आणि न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, रिंगा झिजतात. आमचे उस्ताद थर्मोस्टॅट परत बसवत. तो मिळवायला मुंबईला ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत माणूस धाडत. मालकाला पटवणं अवघड जायचं. इंजिन गरम राहिलं पाहिजे, हे ऐकून माणसं चमकायची.

त्यानंतर ठिणगी. डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट, त्यांच्यातलं अंतर फिलर गेजने अर्ध्या मिलिमीटरच्या आत-बाहेर बसवायचं. पॉइंट उघडणाऱ्या फायबरची टाच झिजते तसं अंतर कमी होत जातं, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगी उशिरा पडते. उशिरा पडलेल्या ठिणगीचं पेट्रोल सिलिंडरमध्ये नीट जळत नाही, सायलेन्सरच्या वाटेवर जळतं. गाडी बंद पडत नाही, ढकलावी लागत नाही, म्हणून मालक महिनोन्‌महिने तशीच चालवतो. डिस्ट्रिब्यूटरला एक बारीक नळी कार्बोरेटरकडून येते. गाडी एकसारख्या वेगात, हलक्या पायावर चालत असताना ती ठिणगी अलीकडे ओढते. तिच्या आतला पडदा फाटला तर लांबच्या प्रवासात ॲव्हरेज हमखास उतरतं. उस्ताद नळी तोंडात धरून ओढायचे. आतली पट्टी हलली तर पडदा शाबूत. त्या तपासणीला यंत्र नव्हतं आणि लागतही नव्हतं.

प्लग काढून ओळीत मांडायचे. काळा भुसा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरटफटक म्हणजे हवा जास्त, ओलसर तेलकट म्हणजे रिंगा गेल्या. विटकरी-तपकिरी रंग आला की उस्तादांचा चेहरा खुलायचा. त्या रंगात पेट्रोलमधल्या शिशाचाही वाटा होता, हे मला पुष्कळ नंतर वाचून कळलं. 1 एप्रिल 1995 पासून चार महानगरांत नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. शिसं त्या कन्व्हर्टरला मारक, म्हणून बिनशिशाचं पेट्रोल आलं आणि 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर तेच झालं. हवा सुधारली, मुलांच्या रक्तातलं विष घटलं, हे फार चांगलं झालं. प्लगचे रंग मात्र फिके पडले आणि जुन्या लोकांना ते नव्याने वाचायला शिकावं लागलं.

टॅपेट, कॉम्प्रेशन, एअर फिल्टर हे सगळं झाल्यावर, अगदी शेवटी, कार्बोरेटर.

कार्बोरेटर हे कमालीचं साधं आणि कमालीचं चतुर यंत्र आहे. 1893 च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म माइबाखने पेट्रोल फवारणारा कार्बोरेटर केला. नळी मधे अरुंद केली की तिथे हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि त्या ओढीने बारीक भोकातून पेट्रोल वर येतं. भोक म्हणजे जेट. पंधरा किलो हवेला साधारण एक किलो पेट्रोल लागतं, नेमकं सांगायचं तर 14.7 ला एक. हे प्रमाण कुठल्याही विजेशिवाय, नुसत्या भोकांच्या मापावर सांभाळायचं. आमच्याकडच्या गाड्यांना बहुतेक सोलेक्स असायचा, मूळ फ्रान्सचा, बनायचा मद्रासला. त्याच्या वाटीत तरंगणारा फ्लोट कानाशी धरून हलवायचा. आत पेट्रोल खळखळलं तर त्याला चीर आहे, तो बुडतो, वाटीतली पातळी चढते आणि गाडी पेट्रोल पिते. नीडल व्हॉल्व्ह झिजला तरी तेच.

इथेच सगळ्यात जास्त नासधूस झाली. जेटमधला कचरा काढायला माणसं तार घालत. पितळ मऊ, भोक मोठं व्हायचं आणि ते परत कधीच लहान होत नसे. उलट ॲव्हरेज वाढवून देतो म्हणणारे जेटमध्ये तांब्याच्या वायरीचा एक केस अडकवून ठेवत. पेट्रोल कमी जायचं हे खरं. मालक आठवडाभर खूश. मग इंजिन तापायला लागायचं, चढावर दम तोडायचं, चालक जास्त दाबायला लागायचा आणि एक दिवस एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळून हेड उतरवायची वेळ यायची. वाचलेल्या पेट्रोलच्या कित्येक पट पैसे त्या हेडवर जायचे. उस्ताद जेटला फक्त पंपाची हवा मारत. ट्यूनिंग तर कानाने. गाडी तापलेली, चोक पूर्ण आत, आयडलिंगचा स्क्रू आत फिरवत जायचं, इंजिन अडखळलं की थांबायचं, बाहेर फिरवत जायचं, इंजिन लंगडायला लागलं की थांबायचं, दोन्हींच्या मधे जिथे आवाज सरळ येतो तिथे सोडायचं. त्या क्षणी ते गॅरेजातल्या सगळ्यांना गप्प करत. शेजारच्या हातोडीलासुद्धा.

कार्बोरेटर शेवटी का, हे विचारल्यावर त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं. आधी कार्बोरेटर हलवला तर बाकीचे सगळे दोष त्याच्या आड लपतात. धरलेला ब्रेक, उशिराची ठिणगी, गार इंजिन, यांची भरपाई स्क्रू फिरवून होते तेवढी होते आणि खरा आजार तसाच राहतो. या एका वाक्यावर मी तीस वर्षं शिकवलं.

सगळा शोध पालथा घालणारा एक आजार मात्र गाडीबाहेरचा होता, भेसळीचा. रॉकेल रेशनवर स्वस्त, पेट्रोल महाग. हा फरक जितका मोठा, तितकी भेसळ जास्त. रॉकेल सावकाश जळतं, इंजिन ठोकायला लागतं, प्लग काळे पडतात, ऑइल पातळ होतं. पंपावर फिल्टर पेपरवर थेंब टाकून बघायचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. शुद्ध पेट्रोल उडून जातं, डाग राहत नाही. पंपावर पेट्रोलची घनता लिहून ठेवलेली असते, तीही विचारता येते. आम्ही मुलांना हे दोन्ही शिकवायचो. भेसळ हा ॲव्हरेजपुरता विषय नव्हता. 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडजवळ भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी जिवंत जाळलं. तेलाचा इतिहास लिहिताना त्यांचं नाव गाळणं कृतघ्नपणा होईल.

टंचाईच्या काळात आशा विकणारेही पुष्कळ आले. पेट्रोलच्या नळीला लावायचं लोहचुंबक, हवेच्या नळीत बसवायची चक्री, टाकीत टाकायच्या गोळ्या. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने सत्तरच्या दशकापासून अशी शंभराहून जास्त उपकरणं तपासली आणि लक्षात येण्यासारखी बचत करणारं एकही तिला मिळालं नाही. त्याऐवजी 1978 साली आपल्याकडे स्थापन झालेल्या पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशनने फुकट सांगितलेल्या गोष्टी खऱ्या होत्या. ताशी 45 ते 55 किलोमीटरने चालवा, हवा बघा, सिग्नलला इंजिन बंद करा. एसटीच्या आगारांत तर दहा लिटर डिझेलला किती किलोमीटर हा हिशेब चालकागणिक ठेवतात. जिथे वही आहे तिथे बचत आहे, हे एसटीने मोठ्या प्रमाणावर दाखवून दिलं.

1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली. तीन सिलिंडर, 796 सीसी, हलकं शरीर. पद्मिनी शहरात दहा-बारा देई तिथे ही सहज पुढे गेली आणि लोकांची अपेक्षाच बदलली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी इंजेक्शन आलं, सन 2000 नंतर नवी कार कार्बोरेटरवर मिळेनाशी झाली. आता पेट्रोल किती सोडायचं हे कॉम्प्युटर ठरवतो. सायलेन्सरच्या वाटेत ऑक्सिजन सेन्सर बसलेला, जळल्यानंतर उरलेला ऑक्सिजन मोजून तो क्षणाक्षणाला कळवतो. बॉशने हा सेन्सर 1976 साली व्होल्व्होच्या गाडीत पहिल्यांदा बसवला. उस्तादांचा कान जे मिनिटभरात करायचा, ते हा सेन्सर एका सेकंदात अनेकदा करतो. मी त्याला मनापासून मानतो.

पण गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडून बिघाडाचा कोड आला नाही म्हणजे दोष नाही, असं समजणारी मुलं मला भेटतात तेव्हा वाईट वाटतं. आजही थर्मोस्टॅट उघडा अडकतो. पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर बिघडून इंजिन गारच आहे असं कळवत राहतो आणि कॉम्प्युटर इमानाने जास्त पेट्रोल सोडतो. जुना ओढून राहिलेला चोक तो हाच. कन्व्हर्टर आतून वितळून तुंबतो, धूर बाहेर पडायला वाट नसते, इंजिन गुदमरतं. डिस्क ब्रेकचा कॅलिपर गंजून धरतो आणि त्यासाठी कुठलाही दिवा डॅशबोर्डवर लागत नाही. तो हाताला चटका देऊनच कळतो. क्रम तोच आहे. चाक, क्लच, तापमान, ठिणगी, हवा आणि मग शेवटी पेट्रोल. स्कॅनर या क्रमात आपल्या जागी यावा, पहिल्या जागी नाही.

पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे, 1966 सालची. जाहिरातीत दिसणारा लिटरमागचा आकडा तिथल्यासारख्या प्रयोगशाळेत निघतो. गाडी फिरत्या रुळांवर उभी करून ठरावीक वेगांनी चालवतात आणि धुरातला कार्बन मोजून किती पेट्रोल जळलं ते काढतात. टाकीत बघतच नाहीत. पद्धत अचूक आहे, पण तिथे लक्ष्मी रस्ता नाही, कात्रजचा घाट नाही, मागच्या सीटवर पाहुणे नाहीत. तो आकडा गाड्यांची आपसांत तुलना करायला घ्यावा. आपल्या गाडीची तुलना तिच्या स्वतःच्या जुन्या आकड्याशीच करावी. त्यासाठी वही पाहिजे.

वहीची गरज आता पुन्हा वाढली आहे. पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्या ऊसपट्ट्यासाठी ती मोठी गोष्ट आहे आणि कल्पना नवी नाही, 1948 सालीच देशात पॉवर अल्कोहोलचा कायदा झाला होता. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच साध्या पेट्रोलसाठी बनवून दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल असं म्हटलं होतं. तेव्हा आकडा थोडा उतरला म्हणून लगेच इंजिन खोलू देऊ नका. सहा-सात टक्के उतरला तर पेट्रोलचा विचार करा, पंचवीस टक्के उतरला तर चाकापासून सुरुवात करा. हौसेने पद्मिनी सांभाळणाऱ्यांनी मात्र रबरी नळ्या आणि पॅकिंग तपासून घ्यावीत, त्या काळचं रबर इथेनॉलसाठी बनलेलं नव्हतं. आणि कार्बोरेटर आपणहून प्रमाण बदलत नाही, त्यामुळे मिश्रण पातळ होतं, जेट तपासून घ्यावा लागतो.

2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांनी तिचे फोटो छापले, ते योग्यच झालं. तिला चालतं ठेवणाऱ्या माणसांकडे तेल लागलेल्या वह्या होत्या. गाडीचा नंबर, तारीख, एका लिटरला किती फिरली, काय सापडलं, काय बदललं. आमच्या उस्तादांच्या वह्या गॅरेजची जागा विकली गेली तेव्हा रद्दीत गेल्या. मी तेव्हा गावाला होतो. नाना पेठेत, कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कुर्ल्याला, नाशिकला अशा वह्या अजून कुणाच्या तरी माळ्यावर असतील. आपल्या देशाच्या रस्त्यांवर, आपल्या पेट्रोलवर, आपल्या हवेत एक इंजिन पस्तीस-चाळीस वर्षं कसं वागलं, याची तशी नोंद दुसरीकडे सापडणं कठीण. आपल्या घरात कुणी गॅरेज चालवलं असेल तर माळा साफ करण्याआधी ती वही शोधा आणि जवळच्या आयटीआयमध्ये किंवा गावच्या वाचनालयात नेऊन द्या.